धामणकर सरांची परतीची वेळ

धामणकर सर भेटले की नमस्कार, गुड मॉर्निंग, सलाम आलेकुम यांतलं काहीच म्हणत नसत. ते समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघत आणि विचारत, "डोकं कसं आहे?"

नवीन माणूस हबकायचा. आमच्या कारखान्यात एक इजिप्शियन मॅनेजर नव्याने आला, तेव्हा पहिल्याच दिवशी गेटवर सरांनी त्याला इंग्रजीत हाच प्रश्न विचारला. बिचारा तडक क्लिनिकमध्ये जाऊन बीपी तपासून आला. ते एकशेसत्तर निघालं आणि त्याला जन्माची गोळी लागली. पुढे तो सरांना लांबून बघितलं तरी दुसऱ्या शेडमधून जायचा.

त्यात नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत सर हा प्रश्न दोनदा विचारायला लागले. "डोकं कसं आहे?" आपण म्हणायचं, "मस्त." मग ते एक पाऊल जवळ यायचे, आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, "नक्की?" वय झालं, विसरतात, असं आम्ही आपलं ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांत मी पहिला होतो. या लेखात मला स्वतःबद्दल जे वाईट लिहायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

धामणकर सर आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमचा पाइपचा कारखाना आहे आणि मी तिथे पर्चेसमध्ये आहे. राहायला मात्र आम्ही दोघंही बर दुबईत, देवळाच्या गल्लीपासून दोन मिनिटांवर, एकाच बिल्डिंगमध्ये. मी, अश्विनी आणि आमची लेक इरा चौथ्या मजल्यावर. सर नवव्यावर, एकटे. सुनीतावहिनी सांगलीत शाळेत शिकवायच्या, मुलं तिकडेच वाढली, आणि सर सत्तावीस वर्षं, वर्षातून एक महिना सांगलीला जाऊन लग्नं, मुंजी आणि गच्चीवरची गळकी टाकी एवढं उरकून परत येत.

लिफ्ट त्यांनी कधी वापरली नाही. भर जूनमध्ये, जिन्यातल्या भिंतीसुद्धा गरम लागतात अशा दिवसांत, संध्याकाळी सहा वाजता ते पायात बर्फाचे जाडजूड बूट, डोक्याला हेल्मेट आणि पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची पाच गॅलनची बाटली घालून नऊ मजले चढायचे. मग उतरायचे. असं चार वेळा. आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, त्यांना रोज काळजीने सांगायचा, "साब, लिफ्ट चालू है." सर रोज म्हणायचे, "मालूम है." बारा वर्षांत दोघांपैकी कुणीही कंटाळलं नाही.

या सगळ्याचं मूळ होतं काझबेक. दुबईहून विमानाने तीन-साडेतीन तासांवर जॉर्जिया, आणि तिथे हा पाच हजार मीटरच्या वरचा पहाड. मूळचा ज्वालामुखी, आता निजलेला आणि गळ्यापर्यंत बर्फ पांघरलेला. आमच्या ओळखीची माणसं ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला जातात ती चीज भरलेली खाचापुरी खाऊन आणि द्राक्षांच्या मळ्यात फोटो काढून येतात. सर जायचे ते या पहाडावर. दोनदा गेले होते आणि दोन्हीदा शिखर न गाठता परत आले होते. पहिल्यांदा ढग उतरले. दुसऱ्यांदा परक्या तुकडीतल्या एका बाईचा पाय मोडला, तेव्हा सरांनी आपला गाइड तिला उतरवायला दिला आणि स्वतः तिची सॅक घेऊन मागोमाग उतरले.

"म्हणजे तुम्ही अजून वर गेलाच नाहीत?" असं कुणी विचारलं की ते चिडत नसत. म्हणायचे, "फोटो वरचा असतो हो, पण जेवण खालचं असतं."

तरी त्यांच्या खोलीत, कालनिर्णयच्या शेजारी, एक नुसता खिळा होता. त्यावर काही टांगलेलं नव्हतं. सुनीतावहिनींनी त्यांना एक जांभळी लोकरीची टोपी विणून दिली होती आणि बजावलं होतं, ही घालून अगदी वरच्या टोकावर उभं राहून फोटो काढायचा. खिळा त्या फोटोसाठी होता. सर त्या खिळ्याबद्दल बोलायचे नाहीत, पण धूळ पुसताना तोही पुसायचे. ते मी पाहिलं आहे.

आता त्यांच्या फॉर्मविषयी सांगायला हवं. कारखान्यात 'निअर मिस' नावाचा एक फॉर्म असतो. अपघात झाला नाही पण होता होता राहिला, तर तो भरायचा. काय घडलं, काय घडू शकलं असतं, मूळ कारण, उपाय, असे चार रकाने. दर महिन्याला प्रत्येक डिपार्टमेंटने पाच फॉर्म दिलेच पाहिजेत असा नियम असल्यामुळे आम्ही महिनाअखेरीला बसून न घडलेले प्रसंग रचायचो. माझा ठरलेला प्रसंग होता, 'जिन्यावर तेल सांडले होते.' दीड वर्ष तो चालला. मग एकदा सर माझ्या टेबलाशी येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मोहिते, पर्चेस सेक्शन ग्राउंड फ्लोअरला आहे. जिना कुठला?"

ते स्वतः मात्र फक्त खरे फॉर्म भरायचे, आणि कुठेही भरायचे. एका दिवाळीत आमच्याकडे फराळाला आले, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि खिशातून फॉर्म काढला. काय घडलं: पणती पडद्यापासून अकरा सेंटिमीटरवर. मूळ कारण: यजमानीण बाई रील काढत होत्या. अश्विनी आधी संतापली आणि मग तिने तो फॉर्म फ्रिजवर चिकटवला. तो अजून तिथे आहे. इरा त्यांना 'सेफ्टी अंकल' म्हणायची. ते तिला मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

दुसरी त्यांची ख्याती म्हणजे परतीची वेळ. पहाडावर सकाळी ठरवून निघायचं असतं, की अमुक वाजता, असू तिथून, मागे फिरायचं. शिखर हाताला लागेल इतकं जवळ असलं तरी. सरांनी हा नियम सपाटीवरही लावला होता. आमच्या मंडळाचं रहस्यनाटक बघायला आले तेव्हा त्यांनी जाहीर केलं होतं, परतीची वेळ साडेनऊ. खुनी कोण हे नऊ बत्तीसला कळलं. सर तोपर्यंत पार्किंगमध्ये पोचले होते. आम्ही नंतर सांगू लागलो तर म्हणाले, "नको. माझी वेळ झाली होती." इराच्या वाढदिवसाला ते केक कापायच्या आधी उठले. मग तिने दुसऱ्या वर्षीपासून केक आधी कापायला सुरुवात केली. वेळेच्या बाबतीत हा माणूस कुणाशी, अगदी देवाशीही, तडजोड करत नाही अशी आमची सगळ्यांची खात्री होती. ही खात्री लक्षात ठेवा.

तर तिसऱ्या खेपेला त्यांच्या दोरीला दुसरं माणूस मिळेना. बर्फाळ पहाडावर एकट्याने जायचं नाही हा त्यांचा पहिला नियम, कारण बर्फाखाली भेगा असतात. वरून पांढरंशुभ्र दिसतं आणि पाय टाकला की माणूस आत. दोरीला बांधलेला दुसरा असला तर पहिला वाचतो. सर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. निवृत्ती आली की व्हिसा जाणार, मग सांगली, मग संपलं. हे ते आमच्याकडे जेवताना एकदा नुसतं सांगत होते. मागत काही नव्हते. आणि मी, ज्याला चार मजले चढून धाप लागते, त्याने भातावर वरण घेत सांगितलं, "मी येतो की, सर."

सरांनी घास खाली ठेवला. "मोहिते, डोकं कसं आहे?"

"मस्त!"

त्यानंतरचे सहा महिने त्यांनी माझा छळ मांडला. मॉलमध्ये ते कृत्रिम बर्फाचं घसरगुंडीघर आहे ना, तिथे मला नेलं. "बर्फात लोळायला अडीचशे दिरहम? म्हणजे सहा हजार रुपये!" असं अश्विनी ओरडत होती. घसरलो तर हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडीवर अंग टाकून स्वतःला कसं थांबवायचं, याचा सराव करायचा होता. कुऱ्हाड सिक्युरिटीने दारातच काढून घेतली. सरांनी सॅकमधून छत्री काढली. मग दोन मध्यमवयीन मराठी गृहस्थ लहान मुलांच्या उतारावरून पालथे घसरतायत, छत्रीचं टोक बर्फात रुतवतायत आणि उठून परत वर जातायत, असा देखावा अर्धा तास चालला. शेवटी फिलिपिनो गार्ड येऊन म्हणाली, "सर, प्लीज, नो स्लीपिंग ऑन द स्नो." सरांनी तिला हेल्मेट न घातल्याबद्दल फॉर्म दिला.

भेगेतून माणूस वर काढायचा सराव रास अल खोरला झाला. तिथे सरांचे मित्र इक्बालभाई यांचं कांद्याबटाट्याचं गोदाम आहे. इक्बालभाई रत्नागिरीकडचे, आणि सरांचं वेड त्यांनी केव्हाच माफ केलेलं. गोदामाच्या माळ्यावरून मला कमरपट्ट्याने खाली लोंबकळत सोडलं, आणि वर सर कप्प्या लावून मला ओढणार होते. पाच मिनिटांचं काम होतं. पण दोरीचा एक पीळ त्यांना संशयास्पद वाटला आणि ते तिथेच बसून फॉर्म लिहायला लागले. मी कांद्याच्या गोण्यांवर चाळीस मिनिटं अधांतरी. शेवटी इक्बालभाई खालून ओरडले, "अरे धामणकर, मानसाला उतरव रे बाबा! नमाजाचा टाइम झाला, आनि हा माज्या डोक्यावर लटकतोय!"

"उतरवायचं नाहीये, चढवायचंय," सर म्हणाले.

"काय तां कर, पन यल्ला, लवकर कर!"

पुण्याहून आईचा फोन आला. ज्वालामुखी शब्द तिच्या कानावर गेला होता. सरांनी फोन घेतला आणि समजावलं, "आई, काळजी करू नका. तो झोपलेला आहे."

"मग त्याला उठवायला कशाला जाताय?" आईने विचारलं. सरांनी फोन मला दिला.

असे आम्ही गेलो. गिओर्गी नावाचा तिथलाच एक गाइड, सर आणि मी. एका गाइडमागे दोन माणसं, तिघं एका दोरीवर. त्यामुळे एक फिरला की तिघांनी फिरायचं, हे सरांनी मला दहादा बजावलं होतं. पहाडाच्या अंगाखांद्यावर हवामान खात्याचं एक जुनं दगडी घर आहे, तिथे आम्ही तीन दिवस उंचीची सवय करत राहिलो. तिथेही सर रोज सकाळी कारखान्यातल्यासारखी सेफ्टी मीटिंग घ्यायचे. श्रोता मी एकटा. हा दगड ज्वालामुखीचा आहे, भुसभुशीत आहे, गारठ्याने धरून राहतो आणि ऊन चढलं की सुटतो. म्हणून पहाटेच्या आधी निघायचं. बर्फावरून ऊन उलटं वर येतं, म्हणून क्रीम नाकपुड्यांच्या आतसुद्धा लावायचं. तहान नसली तरी पाणी प्यायचं. आणि सगळ्यात मुख्य, डोकं. उंचीवर डोकं दुखायला लागलं तर ते लपवायचं नाही. दुखणं वाढत जातं, तोल जातो, माणूस वेड्यासारखं वागतो आणि मरतो. "औषध एकच. खाली उतरणं. यात लाज कसली? पोटात कळ आली तर आपण सांगतो ना?"

"परतीची वेळ?" मी विचारलं.

"अकरा. अकरा म्हणजे अकरा."

चढाईच्या दिवशी हवा इतकी सुरेख होती की गिओर्गीसुद्धा गाणं गुणगुणत होता. आम्ही अंधारात निघालो, उजाडता उजाडता भेगांचा भाग ओलांडला, आणि सूर्य वर आला तेव्हा माझं डोकं दुखायला लागलं. आधी थोडं. मग कवटीच्या आत कुणीतरी कपाट सरकवतंय असं. दर थांब्यावर सर मागे वळून विचारायचे, "मोहिते, डोकं कसं आहे?"

मी म्हणायचो, "मस्त, सर."

का म्हणालो? एक तर मला कमीपणा वाटत होता. पण खरं सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं. मी 'दुखतंय' म्हटलं की तिघांनी फिरायचं होतं, आणि जांभळी टोपी त्यांच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात होती. सत्तावन्न वर्षांचा माणूस, तिसरी खेप, शेवटची. मला वाटलं, एक-दोन तास कळ काढू.

शिखराखाली एक खिंड आहे. तिथून वरचं टोक समोर दिसतं. शेवटचा चढ, तासाभराचा. तिथे आम्ही बसलो. मी बुटाची नाडी बांधली. सर माझ्याकडे बघत होते. मग ते उठून गिओर्गीशी काहीतरी हळू बोलले, माझ्याजवळ आले, हातमोजा सारून मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अकरा वाजले, मोहिते. खलास. फिरू या."

माझा फोन थंडीने बंद पडला होता. घड्याळ कपड्यांच्या तीन थरांखाली होतं. आणि सरांनी सांगितलेली वेळ कोण तपासून बघतं? मी म्हणालो, "सर, एवढं जवळ आलोय, जाऊ या की थोडं." हे मी शूरपणे म्हणालो. आतून सुटल्यासारखं झालं होतं.

"नाही हो. मला जरा भीतीच वाटतेय पुढच्या चढाची," सर म्हणाले. "चला, जेवण खाली आहे."

उतरताना मी दोनदा पडलो आणि दोन्हीदा त्यांनी दोरी ताणून मला धरलं. दुसऱ्यांदा त्यांचा उजवा गुडघा वळला. दगडी घरात पोचलो तशी मला भडाभडा उलटी झाली, आणि मग मी दुसऱ्या दिवसापर्यंत झोपलो. उठलो तेव्हा डोकं एकदम साफ होतं. सर गुडघ्याला फडकं बांधून चहा करत होते. "जुनाच आहे गुडघा," म्हणाले. तो गुडघा पुन्हा कधी नीट झाला नाही. बिल्डिंगमध्ये ते लिफ्टने जायला लागले. पहिल्या दिवशी आमचा नातूर कळवळून म्हणाला, "साब, सीढ़ी भी चालू है."

आणि मी काय केलं? मी त्याचा किस्सा केला. दुबईत मराठी माणसं जमली की किस्सा लागतोच, आणि माझ्याकडे हा फर्मास होता. सेफ्टीसाहेब, सहा महिन्यांची तालीम, छत्री, कांद्याचं गोदाम, आणि शिखर तासाभरावर असताना घड्याळ बघून म्हणतात, अकरा वाजले! मी म्हणतोय चला, आणि हे म्हणतात भीती वाटते! मी घड्याळ बघायची नक्कल फार छान करायचो. डोकेदुखीचा भाग मी गाळला होता. सांगून सांगून मलाही तो आठवेनासा झाला.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. सामान बांधायला सुनीतावहिनी सांगलीहून आल्या होत्या. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ झाला, मला बोलायला लावलं, आणि मी दुसरं काय बोलणार? पूर्ण किस्सा सांगितला, नकलेसकट. लोक खुर्च्यांवर वाकून हसले. सगळ्यात मोठ्याने सर हसले. मी येऊन त्यांच्या मागच्या रांगेत बसलो, तेव्हा वहिनी त्यांच्या कानाशी वाकून विचारत होत्या, "खरंच घाबरला होतात?"

"हो गं," सर म्हणाले. "थोडा."

वहिनींनी समोरचा वेफर उचलला आणि परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी खोली रिकामी करायला मदतीला गेलो. घरमालकाला भिंत धड दाखवायची तर खिळे काढून भोकांत टूथपेस्ट भरायची, ही इथल्या सगळ्या भाडेकरूंची युक्ती. सरांनी तो कालनिर्णयशेजारचा खिळा उपटला, बोटावर पांढरी पेस्ट घेतली आणि भोक बुजवलं. अंगठ्याने सपाट केलं. जरा लांब जाऊन नीट दिसतंय का पाहिलं. "कळत नाही ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अजिबात नाही."

हे झालं गेल्या वर्षी. परवा ऑडिटसाठी जुने निअर मिस फॉर्म काढायचे होते म्हणून मी सरांचं कपाट उघडलं. प्रत्येक फाइलवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात नाव. शेवटच्या फाइलवर लिहिलं होतं, 'कारखान्याबाहेरील'. आमच्या पणतीची प्रत होती, त्या गार्डची होती, कांद्याच्या गोदामातली होती. मी एकटाच हसत होतो. मग हा फॉर्म आला.

ठिकाण: काझबेक, शिखराखालची खिंड. वेळ: सकाळी ९.४०.

मी वेळ परत वाचली. नऊ चाळीस. तासभर जाऊन शिखर गाठायला आणि अकराच्या आत मागे फिरायला पुरेपूर वेळ होता.

काय घडलं: व्यक्ती क्र. २ ने डोके दुखत असल्याचे लपवले. बुटाची बांधलेली नाडी तीनदा सोडून पुन्हा बांधली.

काय घडू शकलं असतं, या रकान्यात एवढंच होतं: इरा, वय नऊ.

मूळ कारण: व्यक्ती क्र. १ ची शिखराची हाव व्यक्ती क्र. २ ला दिसत होती, त्यामुळे त्याला खरे सांगता आले नाही.

उपाय: डोके कसे आहे हे दोनदा विचारणे.

कॅन्टीनमधून लोकांचा आवाज येत होता. मी कपाटाचं दार लावून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. सांगलीला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला गेला.

"मोहिते! डोकं कसं आहे?"

"मस्त, सर," मी सवयीने बोलून गेलो.

पलीकडून तो खाली आणलेला आवाज. "नक्की?"

"नाही, सर. तेव्हा फुटत होतं. खिंडीत. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"तुम्ही वेळ खोटी सांगितलीत."

"सांगितली," सर म्हणाले. "खरं कारण सांगितलं असतं, तर तुम्ही 'माझ्यामुळे राहिलं' म्हणून जन्मभर कुढत बसला असतात. त्यापेक्षा माझी नक्कल बरी. छान करता तुम्ही."

मी म्हणालो, "सर, वहिनींना द्या फोन. त्यांना मला सांगायचंय."

"अजिबात नाही," सर एकदम घाबरून म्हणाले. मी त्यांना खरोखर घाबरलेलं तेवढं एकदाच ऐकलं. "अहो, इथे तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हिला वाटतं, मला तेव्हापासून उंचीची धास्ती बसलीय. जिना उतरताना हात धरते माझा. पार खालपर्यंत. गुडघ्याचं सांगितलं असतं तर काठी आणली असती."

मी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली.

"सत्तावीस वर्षं मी तिथे होतो, मोहिते. हिचा हात धरायला इथे होतं कोण? राहू दे." मागून वहिनींची हाक ऐकू आली. "आलो, आलो! भाजीला निघालोय. ठेवतो. पाणी प्या."

इक्बालभाईंना मी दुसऱ्याच दिवशी जाऊन सगळं सांगितलं. मग अश्विनीला सांगितलं, मग इराला. ती आता तेरा वर्षांची आहे. तिने फॉर्म हातात घेतला, आपलं नाव वाचलं, आणि पहिल्यांदाच इंग्रजी न बोलता म्हणाली, "बाबा, तुम्ही वाईट वागलात." पण हा किस्सा मी इतक्या घरांत, इतक्या गाड्यांत आणि इतक्या जेवणावळींत सांगितला आहे की एकेकाला गाठून दुरुस्त करणं आता माझ्याने होणार नाही. म्हणून हे लिहिलं. माझ्या तोंडून तुम्ही तो ऐकला असेल तर कृपा करून पुसून टाका. तेव्हा नऊ चाळीस झाले होते.

फक्त सांगलीला हे मी पाठवणार नाही. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी सांगलीचं असेल, वहिनींना ओळखत असेल, तर त्यांना यातलं काही सांगू नका. त्यांच्या घरात अजून काठी आलेली नाही.